पिनकोडाचे विभाजक किती, आठ की बत्तीस?

पत्र : आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या सातवी-आठवीच्या लेकरांना तालुका प्रदर्शनासाठी गणिताचा तक्ता करायचा आहे. विषय ठरला तो लातूरच्या पिनकोडाचा, म्हणजे ४१३५१२ या संख्येची जेवढी मिळेल तेवढी गणिती माहिती. एका मुलीनं ८ × ५१६८९ असे अवयव पाडले आणि ‘विभाजक ८, संख्या न्यून’ असं लिहिलं. दुसऱ्या मुलाच्या भावानं मोबाइलवर काढून दिलं ते ‘विभाजक ३२, संख्या विपुल’. वर्गात दोन तट पडले आहेत. खरं कोणतं? मोबाइल न वापरता लेकरांनी हे कसं काढायचं आणि कुठवर तपासत बसायचं? अंकांची बेरीज शेवटी ७ येते, त्याला काही अर्थ आहे का? कापरेकरांचा ६१७४ चा खेळ सहा अंकांना चालतो का? तक्त्यावर आणखी काय घेता येईल?
— एक शिक्षिका, रेणापूर तालुका, जि. लातूर

मॅडम, नमस्कार.

बत्तीस बरोबर आहे आणि संख्या विपुल आहे, म्हणजे स्वतःला सोडून तिच्या बाकीच्या विभाजकांची बेरीज तिच्यापेक्षा जास्त भरते (कमी भरली तर संख्या न्यून). पण त्या मुलीची रीत चुकलेली नाही, ती फक्त मधेच थांबली. ५१६८९ ला २, ३, ५, ७ यांनी भाग जात नाही हे तिनं नीट पाहिलं आणि ती मूळ संख्या आहे असं धरलं. पुढचीच मूळ संख्या ११, आणि तिनं भाग जातो. एवढ्या एका पायरीनं विभाजक आठाचे बत्तीस झाले आणि न्यूनाचं विपुल झालं. तुमच्या तक्त्याचा तीन-चतुर्थांश वेळ मूळ अवयव पाडण्यावर जाऊ द्या. ते पूर्ण आणि बरोबर पडले की बाकीची माहिती एका तासिकेत निघते. ते अर्धवट राहिले तर त्यावर रचलेलं सगळंच चुकतं, आणि चूक वरवर दिसतही नाही.

सुरुवात २ पासून करा. शेवटचे तीन अंक ५१२. त्याला ८ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. इथे हुशार मुलं हमखास फसतात. ५१२ म्हणजे नऊ वेळा २ चा गुणाकार, हे त्यांना पाठ असतं. त्यावरून ती संख्येलाही १६ ने, ३२ ने भाग जाईल असं धरतात. तसं नाही. १००० ला ८ ने भाग जातो, १६ ने जात नाही. म्हणून शेवटच्या तीन अंकांवरून फक्त ८ पर्यंतच बोलता येतं. १६ साठी शेवटचे चार अंक घ्यावे लागतात : ३५१२ ÷ १६ = २१९ आणि बाकी ८. तेव्हा २ तीनदाच.

४१३५१२ ÷ ८ = ५१६८९

३ ची कसोटी : अंकांची बेरीज १६, भाग जात नाही. ५ ची तर पाहायलाच नको.

आता सहा अंकी संख्येसाठी एक रीत मुलांना मुद्दाम शिकवा. संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन तुकडे करा : ४१३ आणि ५१२. त्यांची वजाबाकी करा, मग बेरीज करा.

५१२ − ४१३ = ९९
५१२ + ४१३ = ९२५

वजाबाकीवरून ७, ११ आणि १३ या तिघांचा निकाल एकदम लागतो, कारण ७ × ११ × १३ = १००१. आपली संख्या म्हणजे ४१३ × १००० + ५१२. १००० हे १००१ पेक्षा एकानं कमी, म्हणून या तिघांपैकी कुणीही भागलं तरी ४१३ हजारांच्या जागी ‘उणे ४१३’ धरता येतं. ९९ ला ११ ने भाग जातो. ७ ने आणि १३ ने जात नाही. तीन भागाकारांचं काम एका वजाबाकीत झालं.

बेरजेवरून ३७ कळतो, कारण ९९९ = २७ × ३७ आणि १००० हे ९९९ पेक्षा एकानं जास्त. ९२५ = २५ × ३७. म्हणजे ३७ नेही भाग जातो. ही ३७ ची कसोटी शाळेत सहसा शिकवत नाहीत, पण सहा अंकी संख्येला ती इतकी सोपी पडते की प्रत्येक पिनकोडावर ती आधी लावून पाहावी.

पुढचे भागाकार कागदावर :

५१६८९ ÷ ११ = ४६९९
४६९९ ÷ ३७ = १२७

दुसऱ्याचा ताळा तोंडी होतो : ३७ × १०० = ३७००, ३७ × २७ = ९९९, मिळून ४६९९.

राहिला १२७. तो मूळ आहे का? आता तुमचा ‘कुठवर तपासायचं’ हा प्रश्न. नियम असा, की उरलेल्या संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. संख्येचे दोन अवयव पडत असतील तर त्यातला लहान अवयव वर्गमुळाच्या पुढे जाऊच शकत नाही. ११ चा वर्ग १२१ आणि १३ चा १६९, म्हणून १२७ साठी २, ३, ५, ७, ११ एवढेच पाहायचे. एकानेही भाग जात नाही. १२७ मूळ.

४१३५१२ = २ × २ × २ × ११ × ३७ × १२७

ही मर्यादा कशी खाली येत गेली ते मुलांना जरूर दाखवा, तक्त्यावर एक छोटा चौकोन त्यासाठी ठेवा. मूळ ४१३५१२ चं वर्गमूळ ६४३ च्या किंचित पुढे, आणि ६४३ पर्यंत ११७ मूळ संख्या आहेत. ८ ने भागल्यावर मर्यादा २२७ वर आली. तिथवर मूळ संख्या ४९. ११ ने भागल्यावर ६८, तिथवर १९. ३७ ने भागल्यावर ११, तिथवर पाच. अवयव सापडला की लगेच भागून टाकायचं आणि उरलेल्या संख्येवर नव्यानं मर्यादा काढायची. बरीच मुलं पहिली मर्यादाच शेवटपर्यंत धरून बसतात आणि शंभर भागाकारांना घाबरून सोडून देतात. तुमच्या मुलीचंही बहुधा असंच झालं असावं. ५१६८९ साठी २२७ पर्यंत जायचं म्हटल्यावर कुणीही दमेल, पण ११ वर पोचताच ते डोंगरासारखं काम संपत आलं होतं.

ताळा दोन रीतींनी घ्या, एका रीतीवर भागवू नका. पहिला नऊचा : अंकांची बेरीज १६, तिची ७. अवयवांकडून ८ × २ × १ × १ = १६, पुन्हा ७. जुळलं. तुमच्या ७ चा अर्थ एवढाच आहे : ४१३५१२ ला ९ ने भागलं तर बाकी ७ उरते. त्याहून जास्त काही त्यात नाही, आणि तक्त्यावर शुभ-अशुभाचं काही लिहू देऊ नका.

पण नऊच्या ताळ्याला एक मोठी खोट आहे आणि मराठवाड्यात ती लगेच भोवते. आपल्याकडे बहुतेक पिनकोड दोन आकड्यांनी सुरू होतात : लातूर-धाराशिवकडे ४१३, संभाजीनगर, नांदेड, परभणीकडे ४३१. मुलं घाईत ४१३ च्या जागी ४३१ लिहितात. ४३१५१२ च्या अंकांची बेरीजही १६ च, म्हणून नऊचा ताळा चूक पकडत नाही. शेजारचे अंक उलटे पडले की संख्येत पडणारा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो. इथे तो १८००० आहे. म्हणून दुसरा ताळा ११ चा घ्या. बरोबर संख्येत तुकड्यांची वजाबाकी ९९ येते, बाकी शून्य. चुकलेल्या संख्येत ५१२ − ४३१ = ८१, बाकी ४. चूक तिथल्या तिथे सापडते.

आता विभाजक. २ तीनदा आहे, म्हणजे विभाजकात तो शून्य, एक, दोन किंवा तीनदा येऊ शकतो : चार पर्याय. ११, ३७ आणि १२७ यांना प्रत्येकी दोन पर्याय, घ्या किंवा सोडा. ४ × २ × २ × २ = ३२. नुसता आकडा लिहू नका, सगळे बत्तीस मांडा. आठ ओळी, प्रत्येक ओळीत पहिला आकडा आणि त्याची दुप्पट, चौपट, आठपट :

१, २, ४, ८
११, २२, ४४, ८८
३७, ७४, १४८, २९६
१२७, २५४, ५०८, १०१६
४०७, ८१४, १६२८, ३२५६
१३९७, २७९४, ५५८८, १११७६
४६९९, ९३९८, १८७९६, ३७५९२
५१६८९, १०३३७८, २०६७५६, ४१३५१२

पहिला रकाना म्हणजे ११, ३७, १२७ यांचे सगळे गुणाकार, १ धरून. ही मांडणी ठेवली तर एकही विभाजक निसटत नाही आणि बेरीजही सोपी होते. प्रत्येक ओळीची बेरीज पहिल्या आकड्याच्या पंधरापट, कारण १ + २ + ४ + ८ = १५. पहिल्या रकान्याची बेरीज ५८३६८. तिला १५ ने गुणलं की ८७५५२०. सूत्रानंही तेच : (१ + २ + ४ + ८) × (१ + ११) × (१ + ३७) × (१ + १२७), म्हणजे १५ × १२ × ३८ × १२८ = ८७५५२०.

यातून खुद्द संख्या वजा करा : ८७५५२० − ४१३५१२ = ४६२००८. ही बेरीज संख्येपेक्षा मोठी, म्हणून संख्या विपुल. ती ४८४९६ नं जास्त आहे. ५१६८९ मूळ धरला असता तर १५ × ५१६९० = ७७५३५०, त्यातून संख्या वजा जाता ३६१८३८, आणि ते कमी पडलं म्हणून न्यून. मुलीचा हिशोब आतून सुसंगतच होता; पायाच खोटा होता. वर्गात हे असंच सांगा, तिला बरं वाटेल आणि ते खरंही आहे.

सूत्र वापरताना एक चूक सारखी होते. २ तीनदा आलेला असताना १ + २ + ४ + ८ ऐवजी कुणी १ + २ = ३ लिहितं, कुणी १ + ८ = ९. पहिल्यात बेरीज १७५१०४ येते. ती खुद्द संख्येपेक्षाही कमी, म्हणून चूक उघडी पडते. दुसऱ्यात ५२५३१२ येते आणि ती खरी वाटते. तिला पकडायचं तर एवढं पाहा : संख्या सम आहे, म्हणजे ती स्वतः आणि तिचं निम्मं हे दोन विभाजक आहेतच. त्या दोघांचीच बेरीज ६२०२६८. एकूण बेरीज त्याहून कमी कशी असेल?

विपुल की न्यून हा वाद मात्र एवढा हिशोब न करताही मिटवता येतो, आणि मला वाटतं तक्त्यावरची सगळ्यात देखणी गोष्ट हीच ठरेल. संख्येला ८ आणि ११ ने भाग जातो, म्हणजे ८८ ने जातो. ८८ चे स्वतःला सोडून विभाजक : १, २, ४, ८, ११, २२, ४४. त्यांची बेरीज ९२. म्हणजे ८८ विपुल. आपली संख्या ८८ ची ४६९९ पट. मग या सात विभाजकांना ४६९९ ने गुणलं की आपल्या संख्येचे सात विभाजक मिळतात, आणि त्यांची बेरीज ९२ × ४६९९ = ४३२३०८. फक्त सातच विभाजकांनी ४१३५१२ ला मागे टाकलं! विपुल संख्येची कोणतीही पट विपुलच असते, त्याचं कारण हेच. ३७ आणि १२७ सापडले नसते तरी निकाल हाच लागला असता. ११ सुटला म्हणूनच सगळं बिघडलं होतं.

या विभाजकांचा आणखी एक गुण मुलांना खेळायला फार आवडेल. १ पासून ४१३५१२ पर्यंतची कोणतीही पूर्ण संख्या या बत्तिसांतले वेगवेगळे विभाजक निवडून, एकही दोनदा न घेता, बेरजेनं तयार करता येते. अशा संख्यांना १९४८ साली ए. के. श्रीनिवासन यांनी ‘प्रॅक्टिकल नंबर’ असं नाव दिलं. भारतात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, त्याची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. तर १९७२ च करून पाहू. यादीतला १९७२ हून लहान असा सगळ्यात मोठा विभाजक १६२८. उरले ३४४. त्यात २९६ बसतो, उरले ४८. मग ४४ आणि ४. झालं : १६२८ + २९६ + ४४ + ४ = १९७२. प्रदर्शनात येणाऱ्या पाहुण्यांना त्यांचं जन्मसाल विचारा आणि मुलांना जागेवर मांडून दाखवायला लावा. मोठ्यातून लहानाकडे येत गेलं की बहुतेक वेळा जमतं. अडलंच तर एक पायरी मागे येऊन त्याच्या अलीकडचा विभाजक घ्यायचा. हे का जमतं? १, २, ४, ८ मधून १५ पर्यंत सगळ्या संख्या होतात, आणि पुढचा मूळ अवयव ११ त्या पल्ल्यात आहे. ११ जोडल्यावर पल्ला १८० पर्यंत जातो, ३७ त्यात येतो. मग ६८४० पर्यंत, १२७ त्यातही येतो. ८ × ५१६८९ एवढेच अवयव असते तर १५ च्या पुढे गाडी सरळ ५१६८९ वर गेली असती.

सहमूळ संख्यांची मोजणी आठवीच्या मुलांना झेपेल. १ ते ४१३५१२ यांत किती संख्यांचा या संख्येशी १ सोडून एकही सामाईक विभाजक नाही? ऑयलरच्या सूत्रानं, म्हणजे एकदाच आलेल्या प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा करून आणि ८ साठी ४ घेऊन, ४ × १० × ३६ × १२६ = १८१४४०. इथला ४ म्हणजे ८ वजा ४; बरेच जण ८ − १ = ७ घेतात आणि ३१७५२० लिहून मोकळे होतात. हा आकडा शक्यच नाही, कारण सहमूळ संख्या विषमच असायला हव्यात आणि विषम संख्या निम्म्याच, २०६७५६ आहेत. बरोबर उत्तरात एक सुंदर योगायोग आहे : १ ते ९ या सगळ्या अंकांचा गुणाकार ३६२८८०, आणि त्याचं बरोबर निम्मं १८१४४०.

कापरेकरांकडे येऊ. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळालीचे शाळामास्तर, म्हणून शाळेच्या तक्त्यावर त्यांना जागा हवीच. ६१७४ चा खेळ चार अंकांचा : अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजा करा, पुन्हा तेच; सगळे अंक सारखे नसतील तर शेवटी ६१७४ येतो. सहा अंकांना तो चालतो, पण एकाच संख्येवर येऊन थांबेल याची खात्री नाही. आपली संख्या अशी जाते :

५४३२११ − ११२३४५ = ४३०८६६

पुढे ८३१७६२, ७५२६४३, ५३०८६५, ८२९९६२, ७७१७२३, ६५३५४४, ३१०८८७, ८७३५२२, ६५१७४४, ६२०८७४ आणि बाराव्या वजाबाकीला ८५१७४२. इथून सात संख्यांचं चक्र सुरू होतं : ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि परत ८५१७४२. यात दोन ठिकाणी घोळ होतो. अंकांत ० असेल तर चढत्या क्रमात तो सुरुवातीला ठेवायचा (०३४६६८), गाळायचा नाही. आणि प्रत्येक उत्तराला ९ ने भाग गेलाच पाहिजे. नाही गेला तर वजाबाकी तिथेच चुकली. बारा पायऱ्यांत एक हातचा चुकला की मुलं भलत्याच वाटेला लागतात, म्हणून दर पायरीला हा ताळा घ्यायला लावा.

ज्या संख्येला स्वतःच्याच अंकांच्या बेरजेनं भाग जातो तिला कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटलं. लातूर हर्षद नाही, कारण बेरीज १६ आणि १६ ने भाग जात नाही हे वर आलंच. छत्रपती संभाजीनगरचा ४३१००१ मात्र हर्षद आहे : बेरीज ९, आणि भाग जातो. त्यांची दुसरी कल्पना स्वयंभू संख्यांची. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी संख्या कधीच तयार होत नाही ती स्वयंभू. लातूर स्वयंभूही नाही : ४१३४८६ च्या अंकांची बेरीज २६, आणि ४१३४८६ + २६ = ४१३५१२.

द्विमान रूप (फक्त ० आणि १ वापरून लिहिलेलं) हवं असेल तर ११००१००११११०१००१०००. एकोणीस अंक, त्यात नऊ एक, आणि शेवटी तीन शून्यं. ती तीन शून्यं म्हणजेच २ चा तीनदा भाग. दोन वर्गांची बेरीज म्हणून ही संख्या लिहिता येत नाही, कारण ४ ने भागल्यावर ३ बाकी ठेवणारा ११ तिच्यात एकदाच आहे. दोन वर्गांची वजाबाकी म्हणून मात्र लिहिता येते. एकमेकांच्या सगळ्यात जवळची विभाजकांची जोडी ५०८ × ८१४. त्यांच्या बेरजेचं निम्मं ६६१, वजाबाकीचं निम्मं १५३. मग ६६१ चा वर्ग ४३६९२१, १५३ चा २३४०९, फरक ४१३५१२.

अपूर्णांकासाठी एक कोपरा राखून ठेवा. १ ला ४१३५१२ ने भागलं तर दशांश रूपात पहिले तीन अंक सोडून पुढे ४२ अंकांचा गट अखंड फिरत राहतो. तीन अंक २ च्या तीन अवयवांमुळे. ११ चा गट २ अंकांचा, ३७ चा ३ अंकांचा, १२७ चा ४२ अंकांचा. या तिघांचा लसावि ४२. एवढा मोठा भागाकार मुलांना लावू नका, १ ÷ १२७ करायला लावा. सहा-सहा अंकांचे गट पाडले की असं दिसतं :

००७८७४ ०१५७४८ ०३१४९६ ०६२९९२ १२५९८४ २५१९६८ ५०३९३७

प्रत्येक गट आधीच्याची दुप्पट! दहा लाखाला १२७ ने भागलं तर बाकी २ उरते, म्हणून सहा अंक झाले की भागाकार दुपटीनं पुन्हा सुरू होतो. सात वेळा दुप्पट केली की १२८, आणि १२८ ला १२७ ने भागून बाकी परत १. म्हणून ७ × ६ = ४२. शेवटच्या गटात ५०३९३६ ऐवजी ५०३९३७ आहे, कारण पुढची दुप्पट सात अंकी होऊन तिचा हातचा १ मागे येतो. मुलं ही जागा चूक समजून खोडतात, ती खोडू देऊ नका.

तक्ता झाला की मुलं स्वतःच्या घरचा मोबाइल नंबर किंवा आधार क्रमांक घेऊन असंच करू म्हणतील. ते टाळा. एक तर असे क्रमांक भिंतीवर लावायचे नसतात. दुसरं, दहा अंकी संख्येचं वर्गमूळ एक लाखाच्या घरात जाऊ शकतं आणि लाखाच्या आत ९५९२ मूळ संख्या आहेत. सगळ्या वर्गानं वाटून घेतल्या तरी हे हातानं होण्यासारखं नाही.

त्याऐवजी दुसऱ्या तक्त्याला दोन पिनकोड द्या. संभाजीनगरचा ४३१००१ सोपा आहे : तुकड्यांची बेरीज ४३२, म्हणजे २७ ची १६ पट, तिथून पुढे ३ × ३ × ३ × ३ × १७ × ३१३. विभाजक वीस, आणि ही संख्या न्यून.

धाराशिवचा ४१३५०१ अवघड आहे आणि म्हणूनच तो वरच्या वर्गाला द्या. लातूरहून तो बरोबर ११ नं कमी, म्हणून त्यालाही ११ ने भाग जातो आणि ३७५९१ उरतो. याचं वर्गमूळ १९३ च्या पुढे, १९४ च्या आत. तिथवर मूळ संख्या ४४. कसोट्यांनी २, ३, ५, ७, ११, १३, ३७ एवढे सात निकालात निघतात. १२७ चाही भागाकार लागत नाही, कारण ३७५९२ हा लातूरच्या यादीतला १२७ चा पट आणि ३७५९१ त्याच्या एक अलीकडे. उरलेले ३६ भागाकार मात्र खरोखर करावे लागतात, आणि एकानेही भाग जात नाही : ३७५९१ मूळ आहे. बारा मुलांना प्रत्येकी तीन द्या. नुसतं ‘भाग जात नाही’ न लिहिता भाजक, भागाकार आणि बाकी असे तीन रकाने भरायला सांगा, म्हणजे परीक्षकांना कोणतीही ओळ गुणून पाहता येईल. तुमच्या ताळ्यासाठी काही ओळी : १७ ला २२११, बाकी ४, २९ ला १२९६, बाकी ७, १०१ ला ३७२, बाकी १९, १७९ ला २१०, बाकी फक्त १, आणि शेवटच्या १९३ ला १९४, बाकी १४९.